शून्य-बावन्न-चौतीस आणि हिरवा प्रकाश
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मेळाव्याच्या समितीनं मला भाषणाचं सांगितलं तेव्हा एकच अट घातली : तुझा विषय सांग, पण आम्हाला समजेल असा सांग. माझा विषय आहे नॉनलिनिअर ऑप्टिक्स. मराठीत त्याला अरेषीय प्रकाशशास्त्र म्हणतात. मराठी नाव ऐकून तो सोपा होतो असं काही नाही! मी अमरावती विद्यापीठात एम.एस्सी.ला होते तेव्हा सुट्टीत चिखलीला आले की शेजारच्या काकू विचारायच्या, "काय शिकून राह्यली वं पोरी?" मी नाव सांगायची. थोडा वेळ शांतता. मग दुसरा प्रश्न, "त्यानं नोकरी लागते काय?"

गेल्या महिन्यात आपल्याच शाळेतून गेलेल्या एका मुलीचे वडील माझ्याकडे आले होते. मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. आणि पुढे संशोधन करायचं आहे. घरात दोन मतं आहेत. भाऊंनी मला तेच दोन प्रश्न विचारले, काकूंचेच. मी म्हटलं, मेळाव्याला या, सगळ्यांसमोर उत्तर देते. ते आज आले आहेत. म्हणून आज मी कौतुकाचं भाषण करणार नाही. हा विषय काय आहे, तो आपल्या भागातल्या मुलामुलींना झेपतो का, आणि त्याची किंमत काय, एवढंच सांगते.

आधी विषय. आपण शाळेत प्रकाशाचे नियम शिकलो. भिंग, लोलक, परावर्तन, अपवर्तन. या सगळ्यात एक गोष्ट गृहीत असते, ती पुस्तकात लिहिलेली नसते. लाल प्रकाश काचेत गेला तर लालच बाहेर येतो. दोन टॉर्चचे झोत एकमेकांवर मारले तर ते आरपार जातात, एकमेकांना अडवत नाहीत. आत जाणारा प्रकाश दुप्पट केला तर बाहेर येणाराही दुप्पट होतो. याला रेषीय वागणूक म्हणतात.

आता गणपतीच्या मिरवणुकीतला भोंगा आठवा. आवाज बेताचा असला तर गाणं जसंच्या तसं ऐकू येतं. आवाज पूर्ण वाढवला की आपण म्हणतो, भोंगा फाटतोय. म्हणजे काय होतं? भोंग्याचा पडदा दिलेल्या धक्क्याच्या प्रमाणात हलेनासा होतो. मग मूळ गाण्यात नसलेले सूर त्यातून निघू लागतात. मूळ सुराच्या दुप्पट वारंवारतेचा, तिप्पट वारंवारतेचा. कानाला ते नकोसं वाटतं, पण भौतिकशास्त्राच्या दृष्टीनं तिथं नवे सूर तयार झालेले असतात.

पदार्थातल्या इलेक्ट्रॉनचं असंच आहे. प्रकाश म्हणजे विद्युतक्षेत्राची लाट. ती इलेक्ट्रॉनला हलवते. भर दुपारच्या उन्हातलं विद्युतक्षेत्र साधारण ८७० व्होल्ट प्रति मीटर भरतं. अणूच्या केंद्रानं इलेक्ट्रॉनला ज्या क्षेत्रानं धरून ठेवलेलं असतं ते सुमारे पन्नास हजार कोटी व्होल्ट प्रति मीटर. त्यापुढे ऊन म्हणजे काहीच नाही. इलेक्ट्रॉन जरासा हलतो, अगदी प्रमाणात हलतो, आणि आपले दहावीचे नियम बरोबर ठरतात. पण स्पंदांच्या लेसरचा झोत बारीक करून दर चौरस सेंटिमीटरला दहा कोटी वॅटपर्यंत नेला, तर क्षेत्र पावणेतीन कोटी व्होल्ट प्रति मीटरपर्यंत चढतं. मग काही स्फटिकांमध्ये इलेक्ट्रॉनचा भोंगा फाटायला लागतो. आत गेलेल्या प्रकाशाच्या दुप्पट वारंवारतेचा, म्हणजे निम्म्या तरंगलांबीचा प्रकाश बाहेर येतो. न दिसणारा अवरक्त किरण आत, आणि लख्ख हिरवा किरण बाहेर. हे माझं शास्त्र.

१९६० साली थिओडोर मेमन यांनी अमेरिकेत पहिला लेसर चालवला, माणकाचा. पुढच्याच वर्षी मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या माणकाच्या लाल प्रकाशाचा, म्हणजे ६९४.३ नॅनोमीटरचा स्पंद क्वार्ट्झच्या स्फटिकातून पाठवला. ३४७ नॅनोमीटरच्या जागी छायापट्टीवर एक अगदी फिकट ठिपका उमटला. इतका फिकट, की शोधनिबंध छापताना तो डाग समजून पुसला गेला, असं सांगतात. बाण छापला आहे, बाण ज्याच्याकडे दाखवतो तो ठिपका नाही! त्या न दिसणाऱ्या ठिपक्यापासून हा विषय सुरू झाला.

आता तुम्ही म्हणाल, मिशिगन कुठं आणि चिखली कुठं. तेच सांगायचं आहे.

इथं बसलेल्यांपैकी निम्मे तरी शेतकरी आहेत. कपाशी, सोयाबीन, हरभरा. तुम्ही फवारणीसाठी कृषी केंद्रातून शून्य-बावन्न-चौतीस आणता. ती पांढरी पूड म्हणजे पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट. आमच्या विषयात त्याला केडीपी म्हणतात, आणि गेली साठ वर्षं तो या शास्त्राचा फार कामाचा स्फटिक आहे. बावन्न आणि चौतीस हे आकडे कंपनीनं ठरवलेले नाहीत. त्या रेणूचं सूत्र घेऊन स्फुरद आणि पालाश खताच्या हिशेबानं काढा, तेवढेच येतात. बारावीच्या मुलांनी आज घरी जाऊन गणित करून बघावं.

बारा-एकसष्ट-शून्य म्हणजे अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेट, तोही याच जातीचा स्फटिक. आणि युरिया! कोणत्याही पदार्थाची पूड किती हिरवा प्रकाश देते हे मोजायची एक पद्धत कुर्ट्झ आणि पेरी यांनी १९६८ साली दिली. त्या पद्धतीत तुलनेसाठी जे पदार्थ ठेवतात त्यात युरिया आहे. आपल्याकडच्या गोणीतल्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो, तो शुद्ध युरिया नव्हे. पण रेणू तोच.

त्याच दुकानात तेरा-शून्य-पंचेचाळीसही मिळतं, आणि शून्य-शून्य-पन्नासही. पोटॅशियम नायट्रेट आणि पोटॅशियम सल्फेट. दिसायला दोन्ही तशाच पांढऱ्या पुडी, पण त्यांच्यातून हा हिरवा प्रकाश मिळत नाही. का? कारण अणूंची मांडणी. मिठाचा, किंवा पोटॅशियम नायट्रेटचा स्फटिक असा असतो की त्याच्या आत एका ठरावीक बिंदूवर उभं राहून समोर जे दिसेल, तेच तितक्याच अंतरावर बरोबर पाठीमागे असतं. अशा स्फटिकात इलेक्ट्रॉन एका दिशेला जितका ताणला जातो तितकाच उलट दिशेला, आणि दुप्पट वारंवारतेचा भाग आपोआप कापला जातो. केडीपीत, युरियात आणि आपल्या घरच्या साखरेत असा मध्यबिंदू नसतो. म्हणून मिठातून हा प्रकाश येत नाही, साखरेतून येतो. स्फटिकांचे सममितीप्रमाणे एकूण ३२ वर्ग पडतात. त्यातल्या २१ वर्गांत मध्यबिंदू नाही, आणि त्यातलाही एक वगळावा लागतो. पदार्थ निवडताना सगळ्यात पहिली चाळणी हीच.

दुसरी अडचण वेगाची. आपल्या शाळेचं लेझीम पथक आठवा. सगळ्यांचा ठोका एकदम पडला तर आवाज बसस्टँडपर्यंत जायचा. मागेपुढे पडला तर नुसता गोंगाट. स्फटिकाचा प्रत्येक थर आपापला थोडा हिरवा प्रकाश तयार करत असतो. पण अवरक्त आणि हिरवा यांचा स्फटिकातला वेग वेगळा. त्यामुळे पहिल्या थराचा हिरवा आणि पुढच्या थराचा हिरवा यांचा ठोका चुकतो आणि ते एकमेकांना मारतात. १९६२ साली यावर उपाय निघाला. केडीपीसारख्या स्फटिकात प्रकाशाचा वेग दिशेवर आणि ध्रुवणावर अवलंबून असतो. बरोबर कोन साधला तर दोन्ही रंग एका वेगानं चालतात. १०६४ नॅनोमीटरच्या अवरक्त लेसरसाठी केडीपीत हा कोन सुमारे ४१ अंश आहे. कोन थोडा सरकला की हिरवा मावळतो.

अमेरिकेत नॅशनल इग्निशन फॅसिलिटी नावाची प्रयोगशाळा आहे. १९२ लेसर किरण एका बोराएवढ्याही नसलेल्या लक्ष्यावर रोखायचे आणि हायड्रोजनच्या अणूंचं मीलन घडवायचं. ५ डिसेंबर २०२२ रोजी तिथं २.०५ मेगाज्यूल लेसर ऊर्जा देऊन मीलनातून ३.१५ मेगाज्यूल मिळाली. ते किरण अवरक्तातून अतिनीलात नेण्याचं काम केडीपीच्या पट्ट्या करतात. त्यांच्यासाठी साडेतीनशे किलोंच्या घरातले स्फटिक वाढवले गेले, पाण्यातल्या द्रावणातून. म्हणजे आपण पाठीवरच्या पंपातून कपाशीवर फवारतो तेच रसायन. फरक शुद्धतेचा, आणि सबुरीचा.

आणि म्हणूनच मी म्हणते की हा विषय आपल्या भागाला परवडणारा आहे. लेसर महाग, क्ष-किरण यंत्र महाग. पण स्फटिक चंचुपात्रात वाढतो. विसाव्या अंशाला शंभर मिलिलिटर पाण्यात २२-२३ ग्रॅम केडीपी विरघळतं, पाणी गरम केलं की पुष्कळ जास्त. संपृक्त द्रावण करायचं, गाळायचं, वर भोकं पाडलेला कागद बांधायचा, आणि हात न लावता ठेवायचं. तळाशी बारीक कण बसतात. त्यातला सगळ्यात स्वच्छ निवडायचा, तो बीज. बीज नव्या द्रावणात सोडायचं आणि तापमान अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत सांभाळत हळूहळू उतरवायचं. भारतातल्या कितीतरी लहान महाविद्यालयांत, आपल्या विदर्भातही, या विषयावर संशोधन होतं ते याच कारणानं.

मी पीएच.डी.ला लागले २००६ साली. त्या वर्षांत आपल्याकडचं भारनियमन तुम्हाला आठवत असेल. तापमान अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत सांभाळायचं, आणि वीज दिवसाला कितीतरी तास नाही! वीज गेली की द्रावण थंड व्हायचं, तीन आठवडे वाढवलेल्या स्फटिकावर एका रात्रीत पांढरे कण चिकटायचे. इन्व्हर्टर तेवढा वेळ टिकायचा नाही. मग आम्ही काय केलं? दोनशे लिटरचा ड्रम आणला, त्यात पाणी भरलं आणि आमचं भांडं त्या पाण्यात ठेवलं. ड्रमभोवती लाकडी खोकं, खोक्यात खामगावहून आणलेली रुई गच्च भरली. एवढं पाणी चटकन थंड होत नाही, आणि रुई उष्णता जाऊ देत नाही. चार तास वीज नसली तरी तापमान जवळजवळ जागेवर. आमच्या केंद्रात तो ड्रम पुढे कितीतरी वर्षं वापरात होता. औष्णिक जडत्व हा शब्द मी पुस्तकात वाचला होता, कळला मात्र त्या ड्रममुळे.

मोजणीसाठी मात्र बाहेर जावंच लागायचं. आमच्या पुडी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत जायच्या. देशातल्या अनेक महाविद्यालयांचे नमुने त्या काळात तिथं मोजले गेले. न दिसणारा १०६४ नॅनोमीटरचा स्पंद पुडीवर पाडायचा आणि ५३२ नॅनोमीटरचा हिरवा किती येतो ते केडीपीशी किंवा युरियाशी ताडून बघायचं.

आता एक गोष्ट सांगते, कारण भाऊंच्या मुलीला ती कधीतरी सामोरी येणार आहे.

माझं तिसरं वर्ष चालू होतं. ग्लायसिन हे सगळ्यात साधं अमिनो आम्ल. त्याच्या द्रावणात एक क्षार घालून मी स्फटिक वाढवले. सुंदर आले. पाण्यासारखे स्वच्छ. पुडीनं हिरवा प्रकाशही भरपूर दिला, केडीपीपेक्षा जास्त. ग्लायसिन आणि क्षार मिळून नवा संयुग स्फटिक तयार झाला, असं आजूबाजूचे म्हणू लागले. आमचे सर म्हणाले, "हिरवा आला म्हणजे पदार्थ नवा, हे कोणी सांगितलं? आधी क्ष-किरणांखाली घाल." घातला. षट्कोनी जाळी, एक बाजू ७.०४ अँगस्ट्रॉम, दुसरी ५.४८. हे आकडे गॅमा ग्लायसिनचे. त्याची रचना १९५०च्या दशकापासून माहीत आहे. क्षार स्फटिकात शिरलाच नव्हता. साध्या पाण्यातून ग्लायसिन अल्फा रूपात येतं, त्याला मध्यबिंदू असतो, प्रकाश मिळत नाही. क्षाराच्या सोबतीत ते गॅमा रूपात येतं, त्याला मध्यबिंदू नसतो. एवढंच घडलं होतं.

आठ महिन्यांचं काम होतं. मी तेव्हा तासिका तत्त्वावर शिकवत होते, मानधन सहा-सहा महिन्यांनी हातात पडायचं. घरी लग्नाचा विषय रोज निघायचा. या क्षेत्रातल्या एका अनुभवी माणसानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "दोन रसायनांची नावं जोडून दे आणि छापून टाक. क्ष-किरणाचं कोण तपासतं?" एक निबंध छापला असता तर माझं एक वर्ष वाचलं असतं.

सरांनी निर्णय माझ्यावर सोडला. मी तो निबंध पाठवला नाही. क्षाराचं प्रमाण किती झालं की अल्फाचं गॅमा होतं, एवढाच साधा प्रश्न घेऊन पुन्हा पहिल्यापासून मोजमाप केलं, आणि प्रबंधात ते जसं होतं तसं लिहिलं. पदवी वर्षभर उशिरा, २०१२ साली मिळाली. त्या वर्षाची किंमत माझ्या आई-वडिलांनीही भरली, हे इथं सांगितलंच पाहिजे.

पुढे कळलं की ही अडचण माझ्या एकटीची नव्हती. २०१० साली फ्लेक आणि पेट्रोस्यान या दोन परदेशी शास्त्रज्ञांनी अमिनो आम्लांच्या अशा कितीतरी 'नव्या' स्फटिकांची झडती घेणारा निबंध लिहिला. आणि आपल्या शेजारी गोवा विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्रा. श्रीनिवासन यांनी वर्षानुवर्षं असे निबंध तपासून, हा पदार्थ नवा नाही, हा तर मूळचाच, असं छापून दाखवून दिलं आहे. असं काम करणाऱ्याला लोक दुवा देत नाहीत. पण त्यामुळेच आमच्या विषयावर विश्वास ठेवायला जागा राहते. खताची गोणी उघडली तर आत लिहिल्याप्रमाणे माल हवा, तशीच ही गोष्ट आहे. गोणीवरचं नाव चुकीचं असेल तर नुकसान पुढच्या शेतकऱ्याचं होतं.

आता काकूंचा दुसरा प्रश्न. त्यानं नोकरी लागते काय?

भाऊ, खरं सांगते. महाराष्ट्रात प्राध्यापकाची कायम जागा लवकर मिळत नाही. पीएच.डी. झालेली, नेट पास झालेली हुशार मुलं तासिका तत्त्वावर वर्षं काढतात. मीही काढली. तुम्ही फक्त ती एकच नोकरी डोळ्यांसमोर ठेवून मुलीला पाठवणार असाल, तर पाठवू नका.

पण या विषयाचं काम तेवढ्यावर थांबत नाही. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर परिणाम झालेल्या रुग्णाला डॉक्टर लेसर देतात. तो हिरवा किरण अनेक यंत्रांत अवरक्त किरणाची वारंवारता स्फटिकात दुप्पट करूनच मिळवलेला असतो. जत्रेत मिळणारा हिरवा लेसर पॉइंटरही बहुधा तसाच : आत १०६४चा अवरक्त आणि पुढे केटीपी नावाचा स्फटिक. मुलांनो, स्वस्त पॉइंटरमधून न दिसणारा अवरक्तही बाहेर निसटतो, म्हणून तो कोणाच्याही डोळ्यावर मारू नका. घरात आलेल्या इंटरनेटच्या तंतूमध्ये किती प्रकाश कोंबता येईल याची मर्यादाही हेच शास्त्र ठरवतं. २०१८चं अर्धं आणि २०२३चं पूर्ण भौतिकशास्त्राचं नोबेल प्रकाशाच्या अतिशय लहान स्पंदांच्या कामाला मिळालं. इंदूरला राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. लेसर बनवणं आणि केडीपीसारखे स्फटिक वाढवणं ही तिथली रोजची कामं. मलकापूर-बऱ्हाणपूरवरून आपल्याला मुंबईपेक्षा इंदूर जवळ पडतं. मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, पुण्याला आयसर आहे. लेसर, वैद्यकीय उपकरणं, तंतू, संरक्षण या सगळ्यांना अशी माणसं लागतात.

मुलीला माझे चार शब्द.

पहिला, गणित सोडू नकोस. एम.एस्सी.त विद्युतचुंबकत्व आणि पुंजयामिकी पक्की झाली नाही तर नॉनलिनिअर ऑप्टिक्स म्हणजे नुसती पाठ केलेली सूत्रं. मॅक्सवेलची समीकरणं स्वतःच्या हातानं सोडवता आली पाहिजेत.

दुसरा, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षातच जॅमची परीक्षा दे, म्हणजे आयआयटीतल्या एम.एस्सी.चं दार उघडं राहील. एम.एस्सी. करताना नेट आणि गेट. जेआरएफ मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७ हजार रुपये मिळतात. घरी पैसे न मागता शिकता येणं ही मुलींसाठी फार मोठी गोष्ट आहे. घरातली दोन मतं त्यानं एक होतात, हा माझ्या विद्यार्थिनींचा अनुभव आहे.

तिसरा, इंग्रजीला घाबरू नकोस. मी आपल्या शाळेत मराठीतून शिकले. अपवर्तनांक समजला होता, म्हणून रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स एका दिवसात समजला. उलटं झालं असतं तर अवघड होतं. आणि सुरुवातीला मोठमोठी अमेरिकन पुस्तकं नकोत. त्या वेळच्या औरंगाबादला, मराठवाडा विद्यापीठात शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांचं 'लेसर्स अँड नॉन-लिनिअर ऑप्टिक्स' हे इंग्रजी पुस्तक आहे. आपल्यापासून तीन-चार तासांवर बसलेल्या माणसानं लिहिलेलं. मी त्यावरच शिकले. रॉबर्ट बॉइड यांचं जाडजूड पुस्तक त्यानंतर.

चौथा, मार्गदर्शक निवडताना किती निबंध छापले ते विचारू नकोस. तीन गोष्टी विचार. तुमच्या विद्यार्थ्याचा निकाल उलटा आला तेव्हा तुम्ही काय केलं? मोजणीसाठी बाहेर पाठवायचा खर्च कोण करतं? आणि तुमच्याकडून गेलेली मुलं आज कुठं आहेत? पहिल्या प्रश्नाला जे सर थांबून नीट उत्तर देतील, त्यांच्याकडे जा.

शेवटी माजी विद्यार्थ्यांकडे एक मागणं. व्यासपीठासाठी, कमानीसाठी वर्गणी होते, ती व्हावी. पण यंदा शाळेच्या प्रयोगशाळेत एक टेबल स्फटिकांसाठी द्या. लागतं काय? वीस-पंचवीस चंचुपात्रं, ऊर्ध्वपातित पाणी, चांगले तापमापक, गाळणकागद, ध्रुवण दाखवणाऱ्या पोलरॉइडच्या पट्ट्या, आणि प्रयोगशाळेच्या शुद्धतेचं केडीपी. लेसर नको. दोन पोलरॉइड पट्ट्यांमध्ये आपण वाढवलेला स्फटिक फिरवला की काळोखातून उजेड येताना दिसतो, तेवढं नववीच्या मुलाला पुरेसं आहे. केडीपीचा खर्च माझ्याकडे. दिवाळीच्या सुट्टीनंतर दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी येईन. ज्यांना यायचं असेल त्यांनी आज जाण्यापूर्वी विज्ञानाच्या बाईंकडे नाव द्या. दोन अटी. भांड्याला रोज हात लावायचा नाही, आणि वहीत जे दिसलं तेच लिहायचं.

भाऊ, तुमच्या मुलीलाही पाठवा. ती या मुलांना शिकवायला मदत करेल, आणि तिला हे काम आवडतं की नुसतं नाव आवडतं, हे तिचं तिलाच कळेल. मग निर्णय तिनं घ्यावा, तुम्ही तिच्या पाठीशी उभं राहावं.

सर आणि बाई पुढच्या रांगेत बसून ऐकत होते, त्यामुळे थोडी धास्तीही होती.